बंदरातला ओला नांगर

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या बाबतीत घडलंय. रचायचंच असतं तर सख्ख्या भावाबद्दल कशाला रचलं असतं?

१९८४ चा ऑगस्ट. सायप्रसमध्ये, लार्नाकाच्या पुढे, आमच्या गावाबाहेर जुन्या बंदराचं उत्खनन चालू होतं. तीन हजार वर्षांपूर्वी तिथे जहाजं लागायची. आता समुद्र मैलभर मागे सरकलाय. मी खापरं धुवायला होते, धाकटा भाऊ लोइझोस खोदायला.

त्या आठवड्यात धक्क्याच्या भिंतीपाशी एका जहाजाचा दगडी नांगर निघाला. कमरेइतका उंच, वर दोरासाठी भोक. बाकी माती निघेपर्यंत तो जागेवरच ठेवला होता.

जेवणानंतर दोन तास काम बंद असायचं. त्या उन्हात कुत्रंसुद्धा फिरत नाही. सगळे सावली शोधून आडवे व्हायचे.

तीन वाजता परत आलो तर...

नांगर ओला.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही.

मी बोट लावून चाखलं. खारट.

आणि त्या दोन तासांत एकच माणूस आमच्यात नसायचा. लोइझोस.

"मी खालच्या ऑलिव्हच्या झाडाखाली झोपतो. तिथे वारं असतं," तो म्हणायचा.

क्लिओबाई उत्खननाच्या प्रमुख. मागच्या महिन्यात एक काशाचा दिवा गायब झाल्यापासून त्यांना प्रत्येकात चोर दिसायचा. "तुझा भाऊच पाणी ओतून माती सैल करतोय. उचलून विकायचा बेत आहे," त्या म्हणाल्या. "उद्या पोलिसांना बोलावते."

पोलीस आले असते तर लोइझोसचं ठरलेलं लग्न मोडलं असतं. होणारा सासरा आधीच नाकानं कांदे सोलणारा.

खरं सांगू? मलाही त्याचाच संशय होता. लहानपणापासून उपद्व्यापी कार्टं!

"लोइझो, तूच करतोयस ना?"

"आईची शपथ, ताई! निदान तू तरी असं म्हणू नकोस गं."

मग मीच तोडगा काढला. दुपारी त्याला अवजारांच्या खोलीत कोंडायचं. दगडी खोली, खिडकी नाही, एकच दार. दाराशी मी बसणार, नांगरापाशी बाई. तरीही नांगर ओला झाला, तर भाऊ सुटला.

"कलिंगड आणि हलूमी चीज तरी दे आत," तो हसत म्हणाला. "तुरुंगातही जेवण देतात."

मी कुलूप लावलं. थोड्याच वेळात त्याचं घोरणं ऐकू आलं.

मग घोरणं थांबलं.

दगडावरून जाड दोर घासत ओढावा, तसा आवाज... आतून.

खोलीत दोर नव्हता. मी स्वतः बघितलं होतं.

मग दारावर थाप...

"ताई, दार उघड."

"नाटकं पुरे! तीन वाजू देत."

"ताई, दार उघड."

तोच सूर. ना घाई, ना राग. मी जागची हलले नाही.

तेवढ्यात बाई ओरडल्या, "अगं, ओला झाला! माझ्या डोळ्यांदेखत ओला झाला!"

भाऊ सुटला! मला रडूच फुटलं. मी कुलूप काढून दार सताड उघडलं.

लोइझोस कोपऱ्यात पोत्यांवर गाढ झोपला होता. कलिंगडाला हातही लावलेला नव्हता.

मी हलवलं तेव्हा डोळे चोळत म्हणाला, "झाले तीन?"

"मग मघापासून हाका कशाला मारत होतास?"

"मी? मी तर पडल्या पडल्या झोपलो."

शपथेवर सांगते, तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात.

पोलीस आले नाहीत. हरवलेला दिवाही पुढे बाईंच्याच एका पेटीत मिळाला. लग्न थाटात झालं.

नांगर मात्र त्यानंतर कधीच ओला झाला नाही.

सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही. कारण दार मी उघडलं होतं.

आता लोइझोस नातवंडांचा आजोबा आहे. तीन गल्ल्या पलीकडे राहतो, माझी औषधं आणून देतो. पण बाहेरून त्याची हाक आली की मी कडीला हात लावत नाही. आधी त्याच्या घरी फोन करते. तो चिडतो. "दारात उभं करून फोन कसले करतेस?" म्हणतो.

गेल्या मंगळवारी, जेवणानंतर, दारावर थाप पडली.

"ताई, दार उघड."

मी फोन लावला.

घरून लोइझोसनंच उचलला...

"काय गं ताई, आत्ता कशी आठवण झाली?" तो विचारत होता.

दारावर थाप चालूच होती.