तुळोजी जिनगराची शिळा

सरकार, तुळोजी जिनगर हिवतापाने मेला असं तुमच्या दप्तरात लिहून ठेवलं आहे. ते खोटं आहे. त्याला तुम्ही मारलंत. आणि त्याच्या आधी जी रयत मारलीत, तिची तर नोंदसुद्धा ठेवली नाहीत.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, फाल्गुनात, धवळगडच्या तटावर तांबूस उजेड चढत असताना, नौबत झडायच्या आतच पहिल्या दरवाजापाशी माणसं येऊन बसत. संस्थानचा अंबारखाना गडावर होता, त्यात आढ्यापर्यंत नऊशे खंडी जोंधळा भरलेला आहे असं दिवाणसाहेबांनी भर दरबारात सांगितलं होतं, आणि उपाशी माणूस अशा शब्दावर फार दिवस बसून राहतो. दरवाजा उघडला नाही.

खाली पेठेत दोन वर्तमानपत्रं निघत. 'हुजूरवृत्त' दिवाणसाहेबांचं, संपादक धुपकर. 'चाबूक' राणीसाहेबांच्या पक्षाचं, संपादक विसाजीपंत लोहोकरे. मंगळवारी धुपकर विसाजीपंतांना गाढव म्हणत, शुक्रवारी विसाजीपंत ते गाढव परत करत. शिळाप्रेसचा छापखाना मात्र अख्ख्या संस्थानात एकच, आणि दगडावर उलटी अक्षरं लिहिणारा हातही एकच, तुळोजीचा. "दोघांची गाढवं मीच चारतो," असं तो म्हणे.

एका शुक्रवारी 'चाबका'त बोटाएवढ्या अक्षरांत एकच सवाल आला: अंबारखान्यातला जोंधळा कुठे गेला?

चौथ्या दिवशी दरबार भरला. तोवर गादीला दत्तक कोण घ्यायचा या प्रकरणात राणीसाहेबांचे बंधू आणि दिवाणसाहेब यांचं सूत जुळलं होतं. तुळोजीला हे ठाऊक नव्हतं, विसाजीपंतांना होतं.

"मजकूर कोणाचा?" दिवाणसाहेबांनी विचारलं.

विसाजीपंत गालिच्याकडे पाहत म्हणाले, "माझा नव्हे. मी गावात नसताना छापला गेला."

"अक्षर कोणाचं?"

"माझं, सरकार," तुळोजी म्हणाला. "'हुजूरवृत्ता'तलंही माझंच असतं."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

पंतांच्या हातचा मसुदा त्या घडीला तुळोजीच्या कनवटीला होता. तो काढून पुढे टाकला असता तर सुटला असता. पण बारा वर्षांत एकाचा मसुदा त्याने दुसऱ्याला दाखवला नव्हता. त्याने विसाजीपंतांकडे पाहिलं. पंतांनी मान वर केली नाही.

"सवाल माझा धरा, सरकार," तुळोजी म्हणाला. "विचारायलाच हवा होता."

"उद्या 'हुजूरवृत्ता'चा जादा अंक निघेल," दिवाणसाहेब म्हणाले. "त्यात स्वहस्ते लिही, की सवाल खोटा, आणि मी तो नशेत लिहिला. लिहिलंस तर घरी जाशील, नाहीतर गडावर."

"लिहितो."

दुसऱ्या दिवशी धुपकर स्वतः छापखान्यात येऊन बसले. "शहाणा झालास. अक्षर नीट काढ, माफीनामा आहे."

"माझं अक्षर कधी वाईट आलंय का, धुपकरपंत?"

लिहिलेली शाई दगडात मुरते. नवा मजकूर लिहिण्याआधी वाळू घालून तो दगड चांगला दोन घटका घासावा लागतो. वरवर घासला तरी कोरा दिसतो, पहिल्या वीस-पंचवीस प्रती स्वच्छ निघतात. मग शाईचा रूळ फिरता फिरता मुरलेलं अक्षर पुन्हा वर येऊ लागतं. तुळोजीने आजवर एकही दगड कच्चा सोडला नव्हता. शुक्रवारचा, सवालाचाच दगड घेऊन त्या दिवशी त्याने तो कच्चा सोडला. धुपकर समोर बसून विड्याचं पान लावत होते. दगड घासणं हे पाहण्याजोगं काम आहे असं त्यांना जन्मात वाटलं नव्हतं. पहिल्या दोन प्रती तपासून ते खुशीत वाड्यावर गेले.

उरलेल्या तीनशे बाजारात गेल्या. चावडीच्या पारावर एका साळ्याने माफी मोठ्याने वाचली, मग कागद डोळ्यांजवळ नेला.

"पुढे वाच की," लोक म्हणाले.

"पुढे काही नाही. खाली आहे," तो म्हणाला.

शिपाई आले तेव्हा तुळोजी हात धूत होता. जमादाराने विचारलं, "दगड घासायचा राहिला काय रे?"

"राहिला नाही. ठेवला."

त्याला गडावर नेलं. त्याची बायको सगुणा रोज पहाटे दरवाजापाशी जाऊन बसे. सातव्या दिवशी एका म्हाताऱ्या हवालदाराला राहवलं नाही.

"बाई, उगाच येऊ नकोस. त्याला अंबारखान्यात कोंडलाय."

"मग बरं झालं," ती म्हणाली. "खायला तरी असेल."

हवालदार तिथून उठून गेला.

चाळिसाव्या दिवशी प्रेत खाली आलं, ते सगुणाने एकटीने उचललं, एवढं हलकं होतं. विसाजीपंतांना गाव इनाम मिळालं. दोन्ही पत्रं बंद पडली, कारण उलटं लिहिणारा कोणी उरला नव्हता.

तुमच्या दप्तरात त्याच्या नावापुढे कैदेची जागा लिहिली आहे: अंबारखाना, धवळगड. आढ्यापर्यंत भरलेल्या कोठारात माणूस कोंडता येतो का, सरकार? आणि कोंडलाच, तर तो तिथे उपाशी मरतो कसा? हिवताप सांगू नका. जोंधळा कुठे गेला, ते सांगा.