उदबत्ती संपेपर्यंत

"अहो, एखादी फळी मिळेल का? टेम्पो रुतलाय."

आवाज फाटकाकडून आला. मी मानही वर केली नाही. माझ्यासमोर दगडी उखळ होतं, उखळात डुकराच्या मांडीचं मांस होतं... अजून ऊन ऊन... आणि माझ्या दोन्ही हातांत मिळून एकच मुसळ होतं. पहाटे शेजारच्या थ्वामावशीच्या अंगणात तीन घरांनी मिळून सणाचं डुक्कर कापलं होतं. आमच्या वाट्याचं मांस मी केळीच्या पानात गुंडाळून पळत आणलं होतं. झो, म्हणजे केळीच्या पानात बांधून उकडलेला सॉसेज, करायचा तर मांस निवायच्या आत कुटून व्हावं लागतं. एकदा निवलं की चरबी वेगळी आणि मांस वेगळं, मग कितीही आपटा, एकजीव होत नाही. असला सॉसेज सुरीखाली भुसभुशीत पडतो.

"फळी मागच्या पडवीत आहे," मी धापा टाकत म्हणाले, "पण आधी इकडे या."

"मी?"

"फाटकात अजून कोणी उभं आहे का?"

तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांवर भुरभुर पावसाचे बारीक थेंब, आणि खांद्यावर नारिंगीचं एक हिरवंगार पान चिकटलेलं. म्हणजे टेम्पोत सणाची झाडं होती. तेत, आमचं नवं वर्ष, दोन दिवसांवर आला होता आणि हा झाडं शहरात पोचवायची सोडून आमच्या अंगणात उभा होता.

"कुटता येतं?"

"भात कुटलाय लहानपणी. मांस नाही."

"चालेल. समोर बसा. मी उचललं की तुम्ही मारायचं, तुम्ही उचललं की मी. थांबायचं मात्र नाही."

"आणि तुमच्या हातावर बसलं तर?"

"तर ओरडेन. तरी थांबायचं नाही."

तो हसला. "बरं बाई. उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं!"

असं म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ओसरीच्या खांबाला टांगलेलं दुसरं मुसळ सरळ उतरवून घेतलं. ते आईचं होतं. गेल्या वसंतात ती गेली, तेव्हापासून त्याला कोणीही हात लावला नव्हता. बाबांनी लावू दिला नव्हता. तळ्याच्या ओल्या पायरीवरून घसरून त्यांचा खांदा मोडला, तेव्हा ते जवळजवळ सुटल्यासारखे म्हणाले होते, "यंदा झो बाजारातून आणू." मी नाही म्हटलं होतं. आईचा हा पहिला तेत. देव्हाऱ्यापुढे तिला बाजारचा झो ठेवायचा? मग मी काय केलं तिच्यासाठी?

बाबा ओसरीत गळ्यात हात बांधून बसले होते. त्यांनी त्या मुसळाकडे पाहिलं, त्या मुलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील...

"मधे धरू नकोस, पोरा," बाबा म्हणाले. "थोडं वर धर. ते हलकं आहे."

आणि आम्ही सुरू केलं. पहिल्यांदा सगळाच गोंधळ. मुसळावर मुसळ आपटलं, मांसाचा एक तुकडा उडून थेट त्याच्या कपाळाला चिकटला. "मला खायला द्यायची ही कोणती पद्धत?" तो म्हणाला. मला हसू आलं आणि माझी लय चुकली. "थांबायचं नाही म्हणाली होतीस ना?" त्याने बजावलं. तुम्हीचं तू कधी झालं ते त्यालाही कळलं नाही, आणि मीही त्याला अडवलं नाही. मग हळूहळू हात जुळले. धप्प-धप्प, धप्प-धप्प. मांस गुलाबी होत गेलं, चकाकायला लागलं, मुसळाला चिकटून लांब ताणलं जाऊ लागलं. मी चरबी घातली, फिश सॉस घातला. तो न थांबता मारत राहिला.

भिंतीपलीकडून थ्वामावशीचं डोकं वर आलं. तिच्या हाताला रक्त, डोळ्यांत पाणी. "मिएन, अगं... दोन मुसळांचा आवाज आला. माझा हातच थांबला बघ." ती नाक ओढत परत गेली.

त्याने मला काही विचारलं नाही. फक्त हातातल्या मुसळाकडे एकदा पाहिलं, आणि त्यानंतर ते जरा जपून धरलं. एवढ्याशा गोष्टीसाठी मला त्याचे पाय धरावेसे वाटले!

"आभारी आहे हं मी," शेवटचं पान बांधून झाल्यावर मी म्हणाले.

"आभार कसले? फळीचं भाडं दिलं." त्याने बांबूच्या सालीची गाठ घट्ट ओढली. "माझं नाव टिएप. निदान भाडेकरूचं नाव तरी माहीत असावं."

उकळत्या पाण्यात झो सोडला आणि मी चुलीशेजारच्या वाळूत उदबत्ती खोचून पेटवली. ती विझेपर्यंत झो शिजतो. आईचं घड्याळ तेच होतं, तिच्या आईचंही. बाबा आत जाऊन लवंडले. तेवढ्यात मावशीच्या अंगणातले पुरुष आले, फळी लावली, हैया करून टेम्पो वर काढला. आता टिएपला अडवणारं काही नव्हतं. टेम्पो रस्त्यावर, झाडं शाबूत, बाजार वाट बघत.

"निघतोस?" मी विचारलं.

"एक चकती चाखून जातो." तो चुलीपुढे उकिडवा बसला. "उदबत्ती संपेपर्यंत. चालेल ना?"

"बस की. फळीचं भाडं जरा जास्तच झालंय."

बाहेर पाऊस भुरभुरत होता. केळीच्या पानाचा वास घरभर पसरायला लागला. तो लाकूड सारत राहिला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते मुसळ ज्यांचं... त्या कशा होत्या?"

वर्षभर लोक येत होते. वाईट झालं म्हणत होते, चहा पिऊन जात होते. पण ती कशी होती, हे कोणी विचारलं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि मग बंदच होईना. आई बाबांवर चिडली की कुटताना वेग वाढवायची, बिचाऱ्या बाबांना तिच्यामागे धावावं लागायचं, आणि अर्ध्या गावाला आवाजावरून कळायचं की आज या घरात भांडण झालंय! झोचा टोकाचा तुकडा ती स्वतःच्या पानात घ्यायची. "हा कोणाला आवडत नाही, मीच खाते," असं म्हणायची. प्रत्यक्षात तोच सगळ्यांत चविष्ट असतो, हे मला मोठी झाल्यावर कळलं.

"लबाड होत्या!" टिएप हसत म्हणाला.

"एक नंबरच्या!" मी म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं, इतकं... की डोळे पुसायला मी उखळ धुण्याच्या निमित्ताने विहिरीवर गेले.

परत आले तेव्हा उदबत्ती पाहिली. जाताना ती बोटभर उरली होती. आता वाळूत हातभर उदबत्ती उभी होती, नुकतीच पेटलेली. तिच्या बुडाशी पहिलीची राख. आणि टिएप? तो पातेल्याच्या वाफेकडे अशा भक्तिभावाने बघत होता, जणू त्यातून साक्षात देव बाहेर येणार आहे.

त्याच क्षणी मी पातेलं उतरवायला हवं होतं. तो आईचा झो होता. त्याच्यासाठीच मी बाबांशी भांडले होते. मी उदबत्तीकडे पाहिलं, त्याच्या चिखलाने वाळलेल्या पायांकडे पाहिलं... आणि खाली बसून म्हणाले, "तुझ्या घरी झाडं कोण लावतं?"

तो सांगत राहिला. त्याची आई नारिंगीच्या झाडांशी बोलते, फळ धरलं नाही तर शिव्या देते. मी ऐकत राहिले. दुसरी उदबत्तीही संपली.

झो निथळून जरा निवला, तशी बाबांनी डाव्या हाताने सुरी घेतली. पान सोडलं, पहिली चकती कापली. त्यांनी ती उजेडात धरली. चकतीची कड चुरली होती. वर जी ओलसर चमक दिसायला हवी, ती नव्हती. झो जास्त शिजला होता.

"उदबत्त्या किती लावल्या?" बाबांनी शांतपणे विचारलं.

"एक," टिएप म्हणाला.

"दोन," मी म्हणाले.

दोघांचे शब्द एकाच वेळी पडले. टिएप गर्रकन माझ्याकडे वळला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"तुला... तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली. "हो."

"मग उतरवलं का नाहीस?"

"तू दुसरी का लावलीस?"

तो अगदी हळू म्हणाला, "आभार मानत होतीस ना मघाशी? नको मानू. मी तुला मदत करायला नव्हतो बसलो. मला... उठवतच नव्हतं." बाबा समोर आहेत, याचं त्याला तेव्हा भान आलं. "काका, चूक माझी आहे. तिच्या आईंचा झो मी बिघडवला."

बाबांनी टोकाचा तुकडा नीट कापला, बशीत ठेवला आणि देव्हाऱ्यापुढे गेले. आईच्या फोटोसमोर बशी मांडली. मी उदबत्ती पेटवून त्यांच्या हातात दिली. टिएप दारातच उभा राहिला, आत यावं की जावं हे न कळून.

"ऐक," बाबा फोटोला म्हणाले. ते नेहमी तिच्याशी असंच बोलायचे. "टोक तुलाच ठेवलंय. यंदा झो जरा कोरडा झालाय, कुरकुर करू नकोस. पोरांनी दोन उदबत्त्या लावल्या. मला आत वासावरून कळलं होतं. हाक मारणार होतो... पण पोरगी हसत होती गं. तुझ्या गोष्टी सांगून हसत होती. किती दिवसांनी! मग मीही गप्प पडून राहिलो. म्हणजे या झोचा दोष तिघांचा आहे."

मी रडत होते आणि रडू लपवायचंही सुचत नव्हतं. बाबा मागे न वळता म्हणाले, "पोरा, आत ये. पूर्वजांपुढे घरात कोण आलंय ते सांगावं लागतं. पूर्ण नाव काय तुझं? गाव कोणतं?"

टिएप पुढे आला. माझ्या शेजारी उभा राहिला. ओले केस हाताने मागे सारून, हात जोडून त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं.

"ऐकलंस?" बाबा आईला म्हणाले. "हा टिएप. तुझं मुसळ यानेच उतरवलं. मधे धरतो, पण शिकेल. पुढच्या वर्षी झो चांगला होईल."

पुढच्या वर्षी! टिएपने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या खांद्यावरचं ते नारिंगीचं पान काढलं, सकाळपासून तिथेच होतं. ते मुठीत धरून मी वाकले. दरवर्षी मी वाकताना आईकडून, आजोबांकडून काही ना काही मागत आले आहे. त्या दिवशी मला काहीच मागायचं नव्हतं. मी फक्त म्हणाले, आई, आभारी आहे.