बटणाशेजारची मोकळी जागा

कृपया थांबा

स्पर्शप्रयोगशाळेच्या काचेच्या भिंतीवर राज्यातली बोटं उमटत होती. नावं नव्हती, चेहरे नव्हते. कुणी कुठे रहिवासी दाखला मागत होतं, कुणी नळजोडणी, आणि प्रत्येक स्पर्श भिंतीवर निळ्या ठिपक्यासारखा उजळून विझत होता. बाहेर नागपूरचा मे तापला होता. आत इतका गारवा होता की डॉ. नजमा इनामदार शाल पांघरून बसल्या होत्या.

"केतकी, हे बघ. मला महिनाभर हे छळतंय."

त्यांनी चित्र मोठं केलं. बटण दाबण्याआधी लोक त्याच्या उजवीकडे, मोकळ्या जागेत, दोनदा हलकेच बोट टेकवत होते. तिथे काहीच नव्हतं. ना चिन्ह, ना अक्षर.

"गडचिरोलीत हेच, सावंतवाडीत हेच. मी एका सेवा केंद्राच्या चालकाला विचारलं. म्हणाला, मॅडम, बाजूला दोनदा टेकवलं की सरकारी बटण लवकर लागतं, आम्ही सगळ्यांना शिकवतो. बंद पडलेल्या रेडिओला थापट मारावी तशातली अंधश्रद्धा, नाही?"

"नाही," केतकी म्हणाली. "खरंच लवकर लागतं."

केतकी उमाठे नागरिक-पटलाची, म्हणजे सगळ्या सरकारी सेवांच्या पोर्टलची, वरिष्ठ फ्रंटएंड डेव्हलपर होती. सरकार आणि माणूस यांच्यामध्ये जो पडदा असतो, तो तिचा. आत कोणतं काम कुणाच्या टेबलावर जातं ते इतरांनी बघायचं. बटण कुठे असेल, केवढं असेल, दाबल्यावर किती वेळाने हो म्हणेल, हे ती ठरवायची.

निदान सगळ्यांची तशी समजूत होती.

मागे जा

नजमा या खात्यात नव्या होत्या. म्हणून केतकीने सुरुवातीपासून सांगितलं.

"पडद्याला तुमचा हात शिकवता येतो. बोट कुठून येतं, किती जोरात टेकतं, कुठे अडखळतं. त्यावरून पडदा स्वतःला बदलतो. थरथरता हात असेल तर बटण रुंद होतं. घाईचा हात असेल तर पडदा लगेच ऐकतो. याला आम्ही स्पर्शठसा म्हणतो. प्रत्येक नागरिकाचा वेगळा."

"ते मला माहीत आहे गं. साच्यासारखं. मूर्ती नसली तरी साच्यावरून मूर्ती कळते."

"हां. पण नवा माणूस येतो तेव्हा त्याचा ठसा नसतो. तेव्हा कुठला तरी एक द्यावा लागतो. तो मूळठसा. तो गोठवलेला असतो, कुणाच्या हाताने बदलत नाही."

"आणि हा मूळठसा कुणाचा?"

केतकीने पाण्याची बाटली उघडली, न पिताच बंद केली.

"पटलाचं काम सुरू झालं तेव्हा चाचणीसाठी माणसं मिळायची नाहीत. मग आम्ही सगळे घरच्यांना धरून आणायचो. कुणाची सासू, कुणाचा भाऊ. आमच्यात तशी पद्धतच होती, चहा आणि समोसे देऊन बसवायचो. उद्घाटनाच्या दिवशी जो ठसा बसवलेला होता, तो तात्पुरता होता."

"सरकारी तात्पुरता," नजमा हसल्या.

"माझ्या नवऱ्याचा."

नजमा हसायच्या थांबल्या. हर्षल उमाठेला जाऊन तीन वर्षं झाली, हे त्यांना खात्यातल्या कुणीतरी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

तुम्हाला खात्री आहे?

हर्षल शाळेत चित्रकला शिकवायचा आणि संध्याकाळी धरमपेठेतल्या मंडळात कॅरम खेळायचा. मारण्याआधी स्ट्रायकर बोर्डावर दोनदा टेकवायचा. मग बोट हवेत थांबवायचा. समोरचा वैतागेपर्यंत.

ही सवय त्याने कॅरमपुरती ठेवली नव्हती. लिफ्टचं बटण, मिक्सरचं बटण, दारावरची बेल. आधी शेजारी दोन वेळा टेकव, मग थांब, मग दाब.

"अरे दाब ना! वीजबिल भरतोयस की बॉम्ब फोडतोयस?"

"केतू, एकदा मारलेला स्ट्रायकर परत येत नाही."

"बिलाचे पैसे येतात परत."

"सरकारकडून?" असं म्हणून तो हसायचा, आणि बोट तसंच हवेत.

लग्नाला हो म्हणतानाही त्याने केतकीच्या घरच्या टीपॉयवर दोनदा बोट टेकवलं होतं. तिच्या वडिलांना वाटलं, मुलगा आणखी चहा मागतोय.

प्रक्रिया सुरू आहे

"म्हणजे मूळठसा त्या दोन टेकण्यांची वाट बघतो," नजमा म्हणाल्या. आता त्या शाल विसरल्या होत्या. "ती आली की बटण लगेच लागतं. नाही आली तर पडदा थांबतो, एक श्वास घ्यायला लागेल इतका, आणि मग दाब मानतो. लोकांनी चुकून कधीतरी बाजूला बोट टेकवलं, बटण लवकर लागलं, आणि हात ते शिकला."

"पण माणसाचा स्वतःचा ठसा तयार झाला की हे जायला हवं ना?"

"कधी तयार होणार? सरकारी कामाला माणूस वर्षातून एक-दोनदा येतो. पडदा त्याला शिकेपर्यंत तोच पडद्याला शिकून मोकळा होतो." नजमांनी भिंतीकडे बोट केलं. "लक्षात ठेव केतकी, साचा आणि हात एकमेकांना घासतात. जो हलत नाही तो दुसऱ्याला घडवतो. तुझा मूळठसा गोठवलेला आहे. हलले ते हात."

भिंतीवर ठिपके उजळत होते. टेक, टेक. थांब. दाब.

केतकी रोज जेवणाच्या सुट्टीत चाचणीचा, कायम मूळठशावरच चालणारा पडदा उघडायची, हे तिने नजमांना सांगितलं नाही. ती बटणावर बोट ठेवायची आणि शेजारी टेकवायची नाही. मग पडदा थांबायचा. तो श्वासभर काळ तिला हवा असायचा. घरातल्या सगळ्या वस्तूंनी हर्षलची वाट बघणं सोडलं होतं. त्याचा टॉवेल कुणीतरी घेऊन गेलं, त्याच्या खुर्चीवर पाहुणे बसायचे. त्याच्या बोटासाठी अजून थांबून राहिलेलं जगात एवढंच होतं, हे बटण.

काहीतरी चुकले

जूनमध्ये संचालक गजभिये स्वतः प्रयोगशाळेत आले. एरवी ते फोन करत.

"उमाठे मॅडम, रुग्णवाहिकेचं बटणही याच पटलावर आहे ना जी?"

"नव्यानेच जोडलंय, सर."

एका वस्तीत एक म्हातारे गृहस्थ अर्धांगाचा झटका येऊन पडले होते. शेजारची मंदा नावाची बाई धावत आली, तिने मोबाइलवर पटल उघडलं. तिने आयुष्यात कधी केंद्रात पाय ठेवला नव्हता. बाजूला बोट टेकवायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती दाबायची आणि पडदा थांबला की घाबरून बोट उचलायची, आणि दाब मोडायचा. पुन्हा तेच. म्हातारे वाचले, पण त्यांची एक बाजू गेली.

"तातडीचं बटण आजच वेगळं करते," केतकी म्हणाली. "त्याला ठसाच नको. बोट लागलं की गाडी निघाली पाहिजे."

"ते कराच. पण बाकीचं?" गजभियांनी चष्मा काढून पुसला. "मला इनामदार मॅडमनी समजावलं. वाईट नका वाटून घेऊ जी, पण अख्खं राज्य एका माणसाच्या सवयीपाशी थांबते आहे. आणि तो माणूस... नियमात बसत नाही. गेलेल्याचा ठसा चालू ठेवता येत नाही. प्रतसुद्धा नाही."

ते गेल्यावर नजमा हळूच म्हणाल्या, "मी अहवाल फिरवून लिहू शकते. तांत्रिक कारणास्तव सध्या राहू द्यावा, म्हणून. तातडीचं बटण सुटलंच आहे. बाकी कुठे कुणाचा जीव जातोय?"

केतकीला हो म्हणायचं होतं. हो तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"त्या बाईचा जबाब ऐकवशील एकदा?"

नजमांनी ध्वनिफीत लावली. मंदाबाई खालच्या आवाजात बोलत होत्या. "माझंच बोट खराब. राखेनं भांडी घासून घासून गुळगुळीत झालंय. मी पदराला पुसलं, पुन्हा दाबलं. पुन्हा पुसलं. यंत्राला माझं बोटच चालंना."

केतकीने ती पुन्हा लावायला सांगितली नाही. पडदा बनवणाऱ्या माणसाला यापेक्षा वाईट काही ऐकू येऊ शकत नाही. यंत्र चुकलं आणि बाईने स्वतःचं बोट पुसलं.

"पुसूया," ती म्हणाली.

कायमचे पुसायचे? ही कृती मागे घेता येणार नाही.

मूळठशाच्या जागी काय ठेवायचं ते नजमांनी ठरवलं. लोकठसा. राज्यातल्या सगळ्या हातांमधून पाझरत येणारा, कुणा एकाचा नसलेला, रोज थोडा बदलणारा. "यात गोठलेलं काही नाही," त्या म्हणाल्या. "लोक जसे, तसा पडदा."

पुसण्याचं बटण केतकीनेच दाबायचं होतं, अधिकार तिचाच होता. तो पडदाही पटलाचाच भाग. त्यालाही मूळठसाच लागू होता.

तिने बटणावर बोट ठेवलं.

बटण थांबलं.

शेजारची मोकळी जागा दोन टेकण्यांची वाट बघत राहिली. टेकवली असती तर लगेच झालं असतं. तिने टेकवली नाहीत. बोट उचललं असतं तर दाब मोडला असता, आणि तिला उद्या पुन्हा यायला निमित्त मिळालं असतं. तिने बोट उचललंही नाही.

केतू, एकदा मारलेला स्ट्रायकर.

माहीत आहे रे.

पडदा हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने चाचणीचा पडदा उघडला. बोट लागताच बटण दाबलं गेलं. इतकं तत्पर, इतकं नम्र. तिने पडदा बंद केला आणि डबा न उघडताच जागेवर आली.

पुन्हा प्रयत्न करा

दिवाळी आटोपून खातं पुन्हा जागेवर बसलं, तेव्हा नजमांचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"वर ये. आत्ता."

प्रयोगशाळेत त्या उभ्याच होत्या. "बोट ठेव."

केतकीने बटणावर बोट ठेवलं.

बटण थांबलं.

तिने बोट उचललं नाही. एक श्वास. मग दाब मानला गेला.

"आता मला खरं सांग," नजमा म्हणाल्या. "मी तुझ्यावर रागावणार नाही. तू तो परत बसवलास?"

"नाही."

"प्रत होती तुझ्याकडे?"

"नजमा, नव्हती. तुझ्यासमोर पुसला."

नजमा खुर्चीत बसल्या. त्या तपासून तपासून थकल्या होत्या आणि त्यांना उत्तर आधीच कळलेलं होतं, ते चेहऱ्यावरून दिसत होतं. "माहीत आहे. मी सगळं उसवून पाहिलं. कुणीच काही घातलेलं नाही. लोकठसा लोकांकडून शिकला, बस. आणि लोक इतकी वर्षं कुणाकडून शिकले होते?"

भिंतीवर निळे ठिपके. टेक, टेक. थांब. दाब.

"पहिले काही दिवस पडदा तत्पर होता," त्या सांगू लागल्या. "पण हात जुनेच. पडदा थांबत नव्हता तरी लोक थांबत होते. बाजूला टेकवत होते. मग पडद्याला वाटलं, यांना असंच हवंय. जूनमधल्या माझ्या अहवालातल्या मोजमापांशी मी हा ताडून पाहिला. दोन्हींत फरक काढता येत नाही."

"मग? पुन्हा पुसायचा?"

"काय पुसणार? हा ठसा कुणा गेलेल्याचा नाहीये केतकी. कोट्यवधी जिवंत माणसांचा आहे. नियमाप्रमाणे याला मला हात लावता येत नाही."

केतकी भिंतीजवळ गेली. कोपऱ्यात एक ठिपका उजळला, कुठल्या तालुक्यातला कोण जाणे. टेक, टेक. मग तो थांबला, जरा जास्तच, समोरचा वैतागेल इतका. तिला हसू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"हा रोज बदलणारा आहे ना?" तिने विचारलं.

"हो. नवी मुलं येतील, ज्यांना कुणी शिकवलेलं नसेल. त्यांचे हात मिसळतील. टेकणं पुसट होत जाईल. एका दिवसात नाही. एखाद्या दिवशी तुझ्या लक्षात येईल की बरेच दिवस ते दिसलं नाही."

"म्हणजे माणसं जातात तसंच."

नजमांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली.

बदल जतन झाले

तोपर्यंत कुठेतरी एखादी मंदाबाई पुन्हा बोट पुसणार होती. ते केतकीला चालणार नव्हतं. तिने त्याच दुपारी बटण आणि शेजारची मोकळी जागा यांच्याखाली एक ओळ घातली. पडदा थांबला की ती ओळ उमटायची.

भाषा विभागाने ती कापून 'कृपया प्रतीक्षा करा' अशी करून पाठवली. केतकीने परत पाठवली. त्यांनी पुन्हा कापली. शेवटी गजभियांनी फोन केला.

"एवढ्या एका ओळीसाठी काय भांडण आहे जी?"

"सर, हिच्यात मी काहीच बदलू देणार नाही."

"वाचून दाखवा बरं."

तिने वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग ते म्हणाले, "राहू द्या."

शेवटची चाचणी तिचीच होती. जेवणाची सुट्टी, कॅन्टीनमधून तळणीचा वास, शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी मोबाइलवर भांडण. तिने बटणावर बोट ठेवलं. बाजूला टेकवलं नाही. पडदा थांबला, आणि खाली ओळ उमटली:

*थोडं थांबा. तुमचं बोट बरोबर आहे. कुणाची तरी सवय आहे ही.*

ती थांबली.