बिननावाची हाक

त्र्याऐंशी सालची गोष्ट. पांढुर्ण्यात नत्थूजी आणि भिवाजी हे दोघे भाऊ कापसाच्या जिनिंगच्या एका जुन्या गोदामात बिऱ्हाड करून होते. स्वयंपाकघराचं छत इतकं उंच, की वर बघताना डोक्यावरचा पदर खाली यावा. त्या छतातून लांबलचक वायरला एकच पिवळा दिवा लोंबायचा आणि त्याचं बटण बाहेर ओसरीत. गोदाम बांधणाऱ्याने चुलीपुढच्या बाईचा विचार कशाला केला असेल!

नत्थूजीची बायको प्रेमलता थोरली, भिवाजीची इंदू धाकटी. दोघी जावांत पोळ्यापासून अबोला होता. इंदूचं माहेर नदीपल्याड, सावरगावला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांची गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीत तिच्या भावाचं डोकं फुटलं आणि प्रेमलता बोलून गेली, "गोट्याले काय नातं दिसते?" जिभेला हाड नसतं ते असं. तेव्हापासून दोघी पाळीपाळीने रांधत. एक आत, तर दुसरी बाहेर.

अंधारून आलं की कणकेत हात भरलेली प्रेमलता नाव न घेता हाक द्यायची, "दिवा लाव वो." ओसरीत खट् व्हायचं आणि दिवा लागायचा. सगळी निजल्यावर तो कधीतरी मालवलेलाही असायचा. प्रेमलताला दरवेळी भरून यायचं. बोलत नाही पोर, पण मला अंधारात ठेवत नाही. तिला तेवढाच आधार होता, कारण संक्रांत झाली की घराची वाटणी करायचं ठरलं होतं. स्वयंपाकघरात मधोमध भिंत आणि दोन चुली.

एका दिव्याने दोन चुलींचं कसं भागणार? म्हणून भिंतीच्या आधी सौसरहून देवीदास वायरमन आला. संत्री तोडायची शिडी तुळईला टेकवून त्याने जुना दिवा उतरवला, दोन ट्यूबलाईट बसवल्या आणि बटणं आत, दाराजवळ घेतली. मग ओसरीतला जुना बोर्ड काढायला गेला आणि थबकला.

"बाई, हे बटण कोण दाबत होतं?"

"काऊन?"

"दिवाळीचा चुना जसाच्या तसा हाये यावर. पार जाम झालं. पक्कडीनंबी हालून नाई राह्यलं."

त्याचं बोलणं प्रेमलताच्या कानावर पडलं, पण तिचं मन दुसरीकडेच होतं. बटण आत आलं, आता हाक मारायचीही सोय उरली नाही. ती तडक अंगणात गेली. इंदू वालाच्या शेंगा सोलत होती.

"इंदू, बोलत नोतीस तरी रोज दिवा लावत होतीस. तुये लई उपकार हायेत, माय. अन् त्या दिवशी म्या बोलली ते चुकलं माह्यं."

इंदूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी? जाऊबाई, मी तर दिवेलागणीले गायीपाशी असतो. माह्या पाळीले मीच हाक मारतो. मले वाटे, तुमीच लावता. म्हणून तर माहेरी निघून गेली नाई मी."

इंदू रडायला लागली आणि प्रेमलताने तिला जवळ घेतलं. भिंत त्याच दिवशी रद्द झाली. भावांना काय, वाद बायकांचा आणि समेटही बायकांचाच.

"जे कोणी असन," प्रेमलता म्हणाली, "त्यानं आपलं घर राखलं वो. भलं होवो त्याचं."

संध्याकाळी दोघी एकाच परातीशी बसल्या. पुरुष बगिच्यातून यायचे होते. बोलता बोलता अंधारलं.

सवयीने प्रेमलताच्या तोंडून गेलं, "दिवा लाव वो."

"आता कोण लावन? माह्येबी हात कणकेतच हायेत," इंदू हसली.

खट्.

ट्यूब दोनदा फडफडली आणि छतापर्यंत पांढरा उजेड झाला.

प्रेमलताने कणकेचे हात तसेच जोडले. मग मान वळवली.

नव्या काळ्या बटणावर चुन्याचं एक बोट उमटलं होतं.

आणि बटण आता ओसरीत नव्हतं. आत होतं, दोघींच्या पाठीशी.