पायऱ्या मोजणारा तपासनीस

जपानमधल्या ओनोमिची गावाच्या चढावर त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की खालचा समुद्र नुसता ऐकू येत होता. एक तरुण पुटपुटत पायऱ्या चढत होता.

"अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव—"

"विकत घेताय की काय?" मिझुहोनं मागून विचारलं.

"झालं! चुकलो ना मी. आता परत खालून?"

"जा की. मी थांबते."

तो हसला... आणि बाई गं, तिचं काळीज लक्कन हललं!

निघाला होता तोही तिच्याच घरी. कुरामोतो, नगरपालिकेचा तपासनीस. आजोबांना किती आधार लागतो ते तो लिहून नेणार, त्यावर सरकारी मदतनीस मिळायचा की नाही ते ठरणार. नाही मिळाला, तर मिझुहोला शिडाच्या कापडाचा तिचा लाडका माग सोडून घरी बसावं लागणार होतं.

आजोबा म्हणजे फेरीबोटीचे जुने कप्तान. टाय बांधून घेऊन ताठ बसले होते.

"स्वतःचं स्वतः उठता येतं?"

"न यायला काय झालं!" आणि खरंच उठले की! दारापर्यंत चालूनही दाखवलं. परक्यापुढे वाकायचं नाही, ही जन्माची खोड. मिझुहोला रडू फुटायचं बाकी होतं.

निरोप द्यायला ती पायऱ्यांपर्यंत आली. "एरवी न्हाणीघरापर्यंतसुद्धा मी धरून नेते हो... काल किटली जाळली त्यांनी. त्यांच्यासमोर कसं बोलू? आणि आता ही चुगलीच झाली ना—"

"चुगली कसली? घरच्यांचं म्हणणं लिहायला जागा आहे या फॉर्मवर." तो ओल्या पायरीवर बसून सावकाश लिहीत राहिला. "त्यांचा रुबाब राहू दे तसाच."

"चहाला या ना परत."

"निकालाआधी? लोक म्हणतील, चहा पाजून मदतनीस मिळवला."

"आणि नंतर...?"

"नंतर पायऱ्या मोजायच्या राहिल्यात की."

तो महिना तिनं कसा काढला, तिचं तिलाच ठाऊक. माग चालायचा, मन मात्र चढावर. अखेर पाकीट आलं. मदतनीस मंजूर! ती आजोबांच्या गळ्यातच पडली.

रविवारी बाहेर पावलं वाजली. "एकशे छत्तीस... एकशे सदतीस..."

"आजोबा, टाय आणू?"

"नको. आज काही मला उठवत नाही बघ. दार तूच उघड."

दारात कुरामोतो धापा टाकत उभा होता. "एकशे चाळीस. सगळ्या मोजल्या, मिझुहो. आता... आता मला खाली जावंसं वाटत नाही."

तिनं नुसता त्याचा हात धरला.

"मग बूट काढ आणि आत ये!" आतून कप्तान गरजले.