देवीचे वण

टेम्स नदीवरचे धुके अजून विरले नव्हते. स्कॉटलंडचे बंड मोडून सहा महिने लोटले, तरी १७४६ सालच्या त्या ऑक्टोबरात राजाचा कोप शमला नव्हता. काठावरच्या टॉवरच्या किल्ल्यात पहाटेपासून कैद्यांना बेड्या ठोकल्या जात होत्या. त्याच वेळी कर्नल वॉडहॅम नामांकित चित्रकार नॅथॅनिएल क्रॉफ्ट यांच्या चित्रशाळेचा जिना चढत होते.

त्यांना बंडात लढून परागंदा झालेला कॅप्टन ग्रेम हवा होता. सापडला की फास. दोन वर्षांपूर्वी महिनाभर ज्याच्या पंक्तीला जेवले, त्या ग्रेमची तसबीर क्रॉफ्टनी आपल्या हातांनी भिंतीवरून उतरवली.

"हुबेहूब आहे?"

"कर्नलसाहेब, केसाचाही फरक निघाला तर कुंचला मोडून टाकीन!"

कोपऱ्यात लाकडी पुतळ्याला घातलेला मखमली अंगरखा पाहून चित्रात रंगवणाऱ्या हेस्टर लाइलचा हात थबकला. बडी मंडळी चित्रकारासमोर बसत ती चेहऱ्यापुरती. वस्त्रे, लेस, हात हे सारे अकरा वर्षे हेस्टर रंगवत आली होती, आणि खाली सही एकट्या क्रॉफ्टची. ग्रेमचे हात तिने त्याला समोर बसवून काढले होते. त्याचे गाल देवीच्या वणांनी चाळणीसारखे झाले होते. तसबिरीत मात्र ते लोण्यासारखे मऊ होते, कारण वण रंगवायचे नाहीत हा धंद्याचा रिवाज. क्रॉफ्टना आपली ही खुशामत कबूल करवेना.

तसबिरीच्या नकला बंदरोबंदरी गेल्या. दुसऱ्या दिवशी ग्रेमची बहीण, तसबीर शिपायांच्या हाती पडू नये म्हणून, ती मागायला आली. उशीर झाला होता. जिन्यात तिने हेस्टरचा हात धरला. "भाऊ हॅरिच बंदरात लपून आहे, बाई. पश्चिमेचा वारा सुटेपर्यंत हॉलंडचं जहाज हलत नाही."

तिसऱ्या दिवशी पहाटेच कर्नल परतले ते संतापून. "ग्रेमचा जुना नोकर म्हणतो, हा चेहरा त्याचा नव्हेच! काय लपवलंत, क्रॉफ्ट?"

क्रॉफ्टनी कोपऱ्याकडे बोट केले. "हुजूर... ते चित्र माझं नाही. या हेस्टरचं आहे."

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या दालनात तिच्या कामाला तिचे नाव मिळाले. हेस्टरने क्रॉफ्टकडे पाहिले. त्यांनी नजर चुकवली.

"खरं?" कर्नल गरजले. "यात काही राहून गेलं आहे?"

वण म्हटले असते, तर ती सुटली असती आणि सूर्यास्ताच्या आत हॅरिचला घोडेस्वार पोचला असता.

"चित्र माझं," ती म्हणाली. "दिसला तसा काढला. नोकर धन्याला वाचवतोय, साहेब, एवढंही कळू नये?"

क्रॉफ्ट कुंचले पुसू लागले. बोलले असते, तर स्वतःच अडकले असते.

त्या संध्याकाळी वारा पश्चिमेचा झाला. हॅरिचच्या पहारेकऱ्यांनी नितळ गालांचा माणूस शोधत वणांनी भरलेल्या एका प्रवाशाला वाट करून दिली. आठवड्याने ग्रेमच्या ओळखीच्यांकडून सत्य फुटले आणि हेस्टरला खोट्या जबानीबद्दल दीड वर्षाची कैद झाली.

ती तुरुंगात जुने दोर उसवण्याची सक्तमजुरी करत असताना बंडखोरांना राजाची माफी जाहीर झाली आणि हॉलंडहून ग्रेमचे पत्र आले. "माझे वण वगळून आपण माझे प्राण राखलेत. अशी मैत्री विरळा." पत्त्यावर नाव क्रॉफ्टचे होते. त्यांनी ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले, आणि मेजवानीला आलेल्या पाहुण्यांना ते भरल्या डोळ्यांनी वाचून दाखवू लागले.