रोजचा पेशंट

पहिल्याच दिवशी मला वाटलं, हा मुलगा गेला.

प्रथमोपचाराचा वर्ग दुपारी तीनला भरायचा, आमच्या कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. पाट्या नव्या आल्या होत्या, साहेब नवे आले होते, पाणी मात्र आलं नव्हतं. वर्गात कॉलेजबाहेरचे धरून आम्ही एकवीस मुलं आणि सतरा मुली. मुलांच्या जोड्या मुलांशी लावल्या, मुलींच्या मुलींशी. शेवटी एक मुलगा उरला आणि एक मुलगी उरली. उरलेली मी.

शिकवायला शेषेराव सर होते, निवृत्त कंपाउंडर. ते म्हणाले, "जगदेवी, हा देविदास. ह्याचा पाय मोडलाय असं समज. बांध."

मुली खुसखुसल्या. मी लाजायला हवं होतं, पण लाजायलासुद्धा अंगात ताकद लागते. हॉस्टेलवर दोन दिवसांआड एक बादली पाणी मिळत होतं. त्या उन्हाळ्यात लाजण्याइतकी ताकद कुणातच उरली नव्हती.

तो मुकाट्यानं सतरंजीवर आडवा झाला. मी पायाला दोन्ही बाजूंनी फळ्या लावल्या, पट्ट्या आवळल्या आणि म्हटलं, "उठा." तो उठेना. खांदा हलवला तरी उठेना. मी सरांना हाक मारणार, एवढ्यात त्यानं एक डोळा उघडला.

"झालं का?"

"तुम्ही झोपला होतात?"

"न्हाई. बेशुद्ध व्हतो. पेशंट हाय ना मी…"

मला राग यायला हवा होता, पण हसू आलं.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावायच्या आधीच तो सतरंजीवर जाऊन पडला. मी विचारलं, "रोज तुम्हीच पेशंट?"

"सकाळी सहापासून खडी फोडतो, बाई. रेणापूरच्या रस्त्यावर, रोजगार हमीचं काम. दुपारी सुटलो की सायकल मारत इकडं. दिवसभरात आडवं व्हायला हीच एक जागा हाय."

मग दीड महिना तो माझा पेशंट झाला. त्याला साप चावला, तो भाजला, विहिरीत पडला, त्यानं बरगड्या मोडून घेतल्या… आणि प्रत्येक दुखण्यात तो गाढ झोपला. सारा वर्ग त्याला 'रोजचा पेशंट' म्हणायचा. बाकीच्या मुली पट्ट्या शिकल्या. मी पट्ट्यांबरोबर त्याची झोपही शिकले. दुसरा वेढा पडेपर्यंत त्याचा श्वास लांब व्हायचा. गळ्याशी घाम यायचा. डावा हात आपसूक छातीवर जायचा. दमलेल्या माणसाला असं बघत बसू नये म्हणतात, माया लागते. मला लागली.

एकदा पट्टी सोडताना तो अर्धवट झोपेत म्हणाला, "जरा सावकाश सोडा की."

"का? दुखतंय?"

"न्हाई. सोडली की उठावं लागतंय…"

मी ती पट्टी फार सावकाश सोडली.

परीक्षेला आठवडा उरला तेव्हा कळलं, त्याला हे प्रमाणपत्र कशासाठी हवं होतं. जिल्हा झाला म्हणून सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयच्या जागा निघाल्या होत्या. अर्जाला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लावलं तर पहिली पसंती. अर्जाची शेवटची तारीख परीक्षेनंतरचा सोमवार.

"ही नोकरी लागली तर खडी सुटल," तो म्हणाला. "पुढच्या सालापर्यंत माझ्यानं ती फोडणं व्हत न्हाई. हात गेले बगा."

"आणि तुम्हाला येतं काय? साधी झोळीची पट्टी तरी बांधता येते?"

तो आपल्या तळहातांकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून वर्गाआधी अर्धा तास मी त्याला व्हरांड्यात शिकवायला लागले. बाकाच्या पायाचा हात करायचा आणि त्याला झोळी बांधायची. त्याच्या बोटांना इतक्या भेगा होत्या की पट्टीचे धागे त्यांत अडकायचे. तो धागा सोडवायचा, पुन्हा बांधायचा. गाठ मात्र दर वेळी ढिली.

"घट्ट मारा की. बाक ओरडणार नाही," मी म्हणायचे.

"बाकाला बांधताना हात चलतो. माणसाला बांधायचं म्हणलं की भेव वाटतंय."

"कुठल्या माणसाला?"

त्यानं वर बघितलं… आणि पुन्हा खाली बघून गाठ मारली. तीही ढिलीच निघाली.

परीक्षा शनिवारी होती, दुपारी दोनला. परीक्षक म्हणून बाहेरचे एक डॉक्टर आले होते. आधी माझा नंबर, पेशंट देविदास. त्यानंतर त्याचा नंबर, पेशंट कुणीतरी मुलगा. देविदास शेवटच्या क्षणाला पोचला. कामावर फोडलेल्या खडीची मोजणी लांबली होती आणि तिथलं पाणी दहालाच संपलं होतं, हे मला नंतर कळलं. तो कुणाशी न बोलता आत आला आणि सतरंजीवर पडला.

"हा आमचा रोजचा पेशंट," शेषेराव सर डॉक्टरांना कौतुकानं म्हणाले. "झोपला तर झोपू द्या."

सगळे हसले. डॉक्टरही हसले आणि पलीकडच्या जोडीकडे वळले. "हात मोडलाय. सात मिनिटं," एवढं मला सांगून गेले.

मी त्याचा हात उचलला. हात भाकरीच्या तव्यासारखा तापला होता. कोरडा होता. गळ्याशी घामाचा थेंब नव्हता. श्वास लांब नव्हता, कुत्र्यासारखा भरभर चालला होता. मी हळूच म्हटलं, "देविदास…" तो काहीतरी पुटपुटला, ते बोलणं नव्हतं.

"सर, हे झोपलेले नाहीत."

"अगं, तो असाच असतो. तू बांध," सर म्हणाले.

"नाही सर. हे असे झोपत नाहीत."

सगळ्या वर्गानं माझ्याकडे बघितलं. एरवी मी त्या नजरांनी मेले असते. त्या दिवशी मला वेळ नव्हता. कोपऱ्यात दोन माठ होते, अडतीस जणांचं दिवसभराचं पिण्याचं पाणी. मी पहिला माठ उचलला आणि त्याच्या अंगावर ओतला. कुणीतरी म्हणालं, "ते प्यायचं पाणी हाय." मी दुसराही ओतला. सगळ्यांच्या पट्ट्या गोळा केल्या, जमिनीवरच्या पाण्यात भिजवल्या आणि त्याच्या मानेवर, काखेत, मांड्यांवर ठेवल्या. शिपाई नाकाला लावायला कांदा घेऊन धावत आला. मी त्याला म्हटलं, "कांदा ठेव, पुठ्ठा घे, वारा घाल."

तोवर डॉक्टर माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले होते. त्यांनी नाडी बघितली. "उष्माघात. ही बरोबर करतेय," ते म्हणाले, "माझी जीप दाराशी लावा."

दवाखान्यात त्याच्या डाव्या हाताला सलाईन लागलं. मी खाटेजवळ बसून राहिले. मला तिथून हलायचं नव्हतं आणि मी ते लपवलंही नाही. दोन तासांनी त्याच्या गळ्याशी घाम आला. एवढा सुंदर घाम मी जन्मात बघितला नव्हता.

त्यानं डोळे उघडले. "माझा नंबर आला का?"

"येऊन गेला."

तो छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." त्या एका 'बरं'मध्ये पुढच्या वर्षाची सगळी खडी होती. माझ्यानं ते ऐकवेना.

डॉक्टर बाहेरच्या टेबलाशी गुणांची यादी पुरी करत होते, शेषेराव सर शेजारी खाली मान घालून उभे होते. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, देविदासची परीक्षा राहिली."

"तो पेशंट आहे, मुली. सलाईन चालू आहे."

"डाव्या हाताला आहे. उजवा मोकळा आहे. आणि पेशंट मी होईन."

डॉक्टरांनी शेषेराव सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "माझी चूक झाली, साहेब. पोराला एक संधी द्या."

मी खाटेच्या कडेला बसले, हात मोडल्यासारखा धरला. देविदासनं उशीला टेकून तिकोनी कापड घेतलं. एका हातानं ते माझ्या कोपराखालून सरकवलं, खांद्यावरून आणलं. धागे बोटांत अडकले. तो थांबला, सोडवले, पुन्हा सरकवलं. घाई केली नाही. शेवटी एक टोक दातात धरलं, दुसरं हातात, आणि माझ्या मानेजवळ वाकून गाठ मारली. त्याचा श्वास माझ्या कानाला लागला. लांब होता.

डॉक्टरांनी गाठ ओढून बघितली. पुन्हा ओढली. यादीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "पास. आता झोप." सरांना घेऊन ते बाहेर गेले.

तो झोपला नाही.

"एक सांगायचं व्हतं," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून सांगायचं व्हतं. पर मी जागा कवा व्हतो…"

"आता आहात ना?"

"हाव."

"मग सांगा."

"तुमी मला लई आवडता, जगदेवी."

मी मोकळ्या हातानं त्याचा हात धरला, भेगांसकट, आणि घरी निलंग्याला जायच्या गाडीची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

गाडीत कंडक्टरनं माझी झोळी बघून एका दणकट माणसाला उठवलं आणि मला जागा दिली. गळ्यातली गाठ सोडणं सोपं होतं. मी सोडली नाही. औसा मागे पडलं, अंधारून आलं, तरी सोडली नाही.

दारात आई उभी होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, अजून घरी आले नव्हते. माझा हात बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. ती घाबरली की कानडीत बोलते. "येनातु?" तिनं विचारलं. काय झालं?

पडले म्हणता आलं असतं. कॉलेजातलं प्रात्यक्षिक म्हणता आलं असतं. पण मी फार दमले होते, आणि दमलेल्या माणसाला खोटं रचत बसणं जमत नाही.

"हाताला काही नाही झालं, आई. मला एक मुलगा आवडलाय. रेणापूरकडचा आहे, सध्या खडी फोडतो. सोमवारी दवाखान्यातल्या नोकरीचा अर्ज करणार आहे. हे त्यानं बांधलंय."

आईनं खाली पडलेलं सूप उचलून भिंतीला टेकवलं. मग तिनं माझी पिशवी घेतली.

"आत ये, पाणी पी," ती म्हणाली. "अण्णा आले की त्यांना सांग. आत्ता सांगितलंस तसंच सांग. मी तुझ्या शेजारी बसते."